कुठली लादी दाबायची

दर शनिवारी अकरा वाजता आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पंधरा-वीस माणसांचा घोळका येतो. पुढे एक उत्साही मुलगी असते, शिकागोच्या उंच इमारती दाखवत फिरणारी. ती सगळ्यांना लिफ्टच्या भिंतीसमोर उभं करते आणि सांगते, आता फक्त रेघा बघा. मग लोक रेघा बघतात. बाहेरच्या फरसबंदीची दरज काचेखालून आत येते, जमिनीवरून सरळ चालत भिंतीपर्यंत जाते, भिंतीवर चढते आणि वर छतातल्या दिव्यांच्या रांगेला मिळते. पाच पाच फुटांवर एक रेघ, कुठेही केसभर चूक नाही. लोक माना वर करून पाहत राहतात. मी सगळ्यांच्या मागे उभा असतो आणि माझे कान तापतात. त्या मुलीला ठाऊक आहे की ती भिंत मी आखली. तिला वाटतं म्हातारा अभिमानानं लाल झालाय.

गेल्या शनिवारी तिनं मला पुढे बोलावलं आणि दोन शब्द बोला म्हणाली. मी म्हटलं, घसा बसलाय. धादांत खोटं होतं. ते दोन शब्द इथे लिहितो.

माझं नाव अल्गिस वाइत्कुस. आम्ही लिथुआनियाचे. युद्ध संपल्यावर जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत माझी आई वारली, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आईची धाकटी बहीण मोर्ता, तिनं मला पदरात घेतलं आणि एकोणपन्नास साली शिकागोला आणलं. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, हा एक पुरुष सांभाळताना नाकी नऊ आलेत, दुसरा कशाला? ती संध्याकाळी शहराच्या मध्यभागी, लूपमध्ये, एका जुन्या नऊमजली दगडी इमारतीतल्या कचेऱ्या पुसायला जायची. ते पुसता पुसता तिनं मला शाळा, मग आर्किटेक्टचं कॉलेज, सगळं करून दिलं.

त्या जुन्या इमारतीत झाडू-पोछावाल्या बायकांची एक खोली होती. लिफ्टच्या मागे, अगदी छोटी. भिंतीला लागून लांब बाक, बारा कपाटं, एक बेसिन, आणि वाफेवर तापणारी लोखंडी शेगडी. शेगडीवर बायकांचे ओले मोजे वाळत असायचे. तिथे त्या कपडे बदलायच्या, जेवायच्या, पत्ते खेळायच्या, जपमाळ ओढायच्या, एकमेकींच्या नवऱ्यांना शिव्या द्यायच्या. शाळेला सुट्टी असली की मावशी मला बरोबर न्यायची. त्या बाकावर बसून मी इंग्रजीचे धडे पाठ केलेत. म्हणजे ती खोली कशी असते, कशासाठी असते, हे मला कुणी सांगायला नको होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे मी विसरल्यासारखं वागणार आहे.

बासष्ट साली ती इमारत पाडायचं ठरलं. त्या जागेवर काचेचा आणि पोलादाचा चोवीस मजली टॉवर उभा राहायचा होता, आणि काम मिळालं ट्रेंटसाहेबांच्या कचेरीला. तिथे मी दोन वर्षांपूर्वीच लागलो होतो. पन्नास ड्रॉइंग बोर्डांपैकी मागच्या रांगेतला एक माझा. ऑर्विल ट्रेंट हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्याला वाईट म्हणता आलं असतं तर मला फार सोयीचं झालं असतं. तो हळू बोलायचा, सगळ्यांना नावानं ओळखायचा. आणि चुकलेली रेघ त्याला खरोखर टोचायची, बुटातल्या खड्यासारखी.

मला इमारतीचा गाभा आखायला दिला होता. लिफ्ट, जिने, संडास, पाइप, तारा, जे जे डोळ्याला नको ते सगळं मधोमध एका खोक्यात कोंबायचं आणि बाहेरून त्याला इटलीहून आलेल्या फिकट बदामी दगडाच्या लाद्या लावायच्या. लादी पाच फुटांची. जे काही दार असेल ते लादीमागे लपवायचं. दाराला मूठ नाही, चौकट नाही. ठरावीक जागी दाबलं की अख्खी लादी दारासारखी उघडते. आगीची नळी अशी लपवली, टेलिफोनच्या तारा लपवल्या, विजेच्या कळा लपवल्या. मला मजा यायला लागली होती.

मालकांनी दिलेल्या गरजांच्या यादीत एकेचाळिसावी ओळ होती : सफाईच्या बायकांसाठी खोली, बाक, बारा कपाटं, बेसिन. मी ती नकाशात काढली होती, तळमजल्यावर, मालाच्या लिफ्टच्या बाजूला. बाकही काढला होता, लांबीसकट. पण तिचं दार लपेना. खोलीत माणसं बसणार म्हणजे हवा आत यायला हवी, म्हणजे दाराला खाली जाळी हवी. जाळी आली की लादी कापावी लागते आणि रेघ तुटते. आगीच्या नळीला श्वास लागत नाही, म्हणून ती गुपचूप दगडामागे राहते. बायकांना लागतो.

ट्रेंटसाहेब माझ्या बोर्डापाशी आले, बराच वेळ उभे राहिले. मग त्या दारावर हलकेच बोट ठेवलं.

"वाइत्कुस, बाकी सगळी भिंत गप्प आहे," ते म्हणाले. "हे एकच दार खोकतंय."

एवढंच. खोली काढून टाक असं ते म्हणाले नाहीत. दुसरी युक्ती शोध, असंच त्यांच्या मनात असावं, कारण जाताना म्हणाले की घाई नाही, सोमवारी बघू. सोमवारपर्यंत माझ्याकडे चार दिवस होते. जाळी मागच्या बाजूनं घेता आली असती. खोली पहिल्या मजल्यावर नेता आली असती. आज झोपेतसुद्धा मला तीन उपाय सुचतात. पण मला सोमवारची वाट बघवली नाही. मला त्याच संध्याकाळी शाबासकी हवी होती.

विजेवर फिरणारं खोडरबर घेतलं आणि दार खोडलं. मग खोली खोडली. बारा कपाटं, बेसिन, शेवटी बाक. त्या जागी भिंत सलग ओढली. प्रत्येक मजल्यावर बादली-मॉप ठेवायला एक मोरी होतीच. यादीतल्या एकेचाळिसाव्या ओळीसमोर मी लिहिलं, 'कपडे बदलण्याची सोय शक्य झाल्यास तळघरात'. 'शक्य झाल्यास' हे माझेच शब्द. तळघरात पुढे थंड हवेची यंत्रं आली आणि ते शक्य झालं नाही. सगळ्याला मिळून अर्धी दुपार लागली. ट्रेंटसाहेबांनी भिंत बघितली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या महिन्यात माझा बोर्ड मागच्या रांगेतून खिडकीपाशी आला. खोडताना मावशी आठवली का? आठवली. ती तर दुसऱ्या इमारतीत काम करते, अशी मी मनाची समजूत घातली. ती दुसरी इमारत पाडून हीच बांधत होतो, हे मला कळत नव्हतं असं नाही.

चौसष्ट साली टॉवर उघडला आणि सफाईच्या कंपनीनं त्याच बायकांना तिथे पाठवलं. मावशीचा पाय जमिनीवर ठरेना. मॉप खाली ठेवून ती सगळ्यांना सांगत सुटली की ही माझ्या अल्गिसची इमारत. तिच्याबरोबर स्तासिया नावाची एक पोलिश बाई होती, जिभेनं तिखट. तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुझ्या भाच्याची इमारत झकास आहे गं, पण आम्ही बुडं कुठे टेकायची?"

मावशीला उत्तर माहीत होतं. तिनं सांगितलं, खोली असणारच. आमच्या अल्गिसनं केली असणार. तो त्या बाकावर लहानाचा मोठा झालाय. तुम्हाला दिसत नाही, कारण इथली दारं दिसतच नाहीत.

आणि खरंच, दारं दिसत नव्हती. म्हणून त्या शोधायला लागल्या. रोज कामाला सुरुवात करायच्या आधी पाच-सहा बायका तळमजल्याच्या भिंतीपाशी जायच्या आणि एकेक लादी तळहातानं दाबत चालायच्या. एकदा आगीची नळी सापडली. एकदा टेलिफोनच्या तारा. विजेच्या कळांची लादी उघडली तेव्हा पहारेकऱ्यानं आरडाओरडा केला. हे सगळं मला मावशीनंच सांगितलं, रविवारी, हसून हसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दर रविवारी ती माझ्यासाठी कुगेलिस करायची, किसलेल्या बटाट्याचा, वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे आणि आंबट साय. माझ्या ताटात तिनं दुसरा तुकडा वाढला आणि म्हणाली :

"आता पुरे झाली गंमत, अल्गिस. सांग बघू, कुठली लादी दाबायची?"

मला तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघंच होतो. ती रागावली असती, कदाचित एक लाटणं फेकून मारलं असतं, आणि मग म्हणाली असती, जा, दुरुस्त कर. मी घास गिळला आणि म्हणालो की खोलीचं काम थोडं राहिलंय, अजून ताब्यात दिलेली नाही.

"बघ, मी त्यांना सांगत होते," मावशी म्हणाली आणि तिसरा तुकडा वाढला.

डिसेंबरात फोटो काढायचे ठरले. आमच्या धंद्यात इमारत बांधून झाली की तिचा फोटो काढतात आणि त्या फोटोत माणूस नसतो. सूर्य मावळल्यावर, आकाश काळं व्हायच्या आत, पंधरा-वीस मिनिटांत तो काढावा लागतो. सगळे दिवे लागलेले, सगळे पडदे एका उंचीवर, तळमजला रिकामा. त्या दिवशी मी दुपारपासून मजल्या-मजल्यावर जाऊन पडदे सारखे करत होतो. पहारेकऱ्याला माझ्याच हातानं चिठ्ठी लिहून दिली की साडेपाचपर्यंत तळमजल्यावर कुणाला येऊ देऊ नये, सफाईच्या बायका आल्या तर जिन्यात थांबवाव्यात.

फोटोवाला रस्त्यापलीकडे कॅमेरा लावून बसला होता. त्यानं माणूस पाठवून कळवलं की आत जमिनीवर एक पिवळी रेघ पडलीये, ती घालवा. जिन्याचं दार किलकिलं राहिलं होतं आणि त्याच्या फटीतून उजेड येत होता. ट्रेंटसाहेब माझ्या बरोबर होते. दार मी उघडलं.

दारात बादली अडकवलेली होती, हवेसाठी. आत जिन्याच्या पायऱ्यांवर सात बायका बसल्या होत्या. कोट आगीच्या नळाच्या चाकावर लटकवलेले, मांडीवर कागदात राईचा पाव. काँक्रीटच्या गार पायरीवर एकीनं वर्तमानपत्र अंथरलं होतं. मावशी सगळ्यात खाली, उलट्या बादलीवर. तिच्या एका पायात बूट नव्हता आणि ती तळवा चोळत होती. मला बघून ती घाईघाईनं उठली, बूट न घालताच, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहेबांना म्हणाली, "हा माझा. माझ्या बहिणीचा मुलगा."

ट्रेंटसाहेबांना मनापासून आनंद झाला. त्यांनी हॅट काढली. मग सगळ्या बायकांकडे बघत, हळू, स्पष्ट, प्रत्येकीला कळावं म्हणून, ते बोलले.

"तुम्हाला याचा अभिमान वाटायला हवा, बाई. बाहेर ती भिंत आहे ना, तिथे एक खोली होती आणि तिला एक कुरूप दार होतं. सगळी भिंत नासत होती. तुमच्या भाच्यानं ती खोली एकाच दुपारी काढून टाकली. मी सांगितलंही नव्हतं."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या भाषेत विचारलं, "काय म्हणतोय तो?"

पंधरा वर्षं अमेरिकेत काढलेली बाई. खोली, दार, भिंत, काढून टाकली, हे शब्द तिला येत नसतील? पण तिनं विचारलं. मला एक जागा करून दिली तिनं, आणि मी त्या जागेत काय केलं, तर म्हणालो :

"म्हणतोय, खोली होणार आहे. थोडा वेळ लागेल."

तिनं माझा चेहरा बघितला. फार वेळ नाही, कढईतलं तेल तापलं का बघतात तेवढाच. मग ती बायकांकडे वळली आणि तिच्या लिथुआनियन-पोलिश खिचडीत म्हणाली की ऐकलंत, खोली येतेय, साहेबांनी स्वतः सांगितलं. स्तासिया पाव चावत माझ्या बुटांकडे बघत होती. मावशीनं वाकून दारातली बादली काढून घेतली. दार मी लावलं.

फोटो अप्रतिम आला. अजूनही पुस्तकांत छापतात.

त्यानंतरच्या रविवारी कुगेलिस होतं, साय होती, गप्पा होत्या. लादीचा विषय निघाला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिनं परत कधीच विचारलं नाही, आणि विचारत नाही म्हणजे तिला कळलंय, हे मला कळत होतं. तरी मी गप्प. एकदा जिन्यात बाक टाकायचा कागद तयार केला होता. जिन्यात सामान ठेवणं आगीच्या नियमात बसत नाही असं उत्तर आलं आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. भिंत उघडायची गोष्ट साहेबांकडे काढण्याची माझी हिंमत झाली नाही. सदुसष्ट साली मी कचेरीत भागीदार झालो. त्या नाताळात मी मावशीला एक उशी दिली. चांगली, जाड, हिरव्या मखमलीची, बादलीवर ठेवता येईल अशी गोल. चोवीस मजली इमारत बांधणाऱ्या माणसानं आपल्या मावशीला बसायला उशी दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, शिवण छान आहे म्हणाली.

आठ वर्षं ती त्या बादलीवर बसली. मग गुडघ्यांनी रजा घेतली. चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत ती गेली.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. स्तासिया आली होती, काठी घेऊन, केस पार पांढरे. मी हातात ताटली धरून एका खांबापाशी उभा होतो. ती माझ्याजवळ आली. मला वाटलं चार बऱ्या गोष्टी सांगेल, तशा ती सांगायलाही लागली. मावशी किती हसवायची, रागावली की मॉप कसा आपटायची. उशी कशी पाळीपाळीनं वापरायच्या, ज्या दिवशी जिचे पाय जास्त दुखतील त्या दिवशी तिची.

"नवीन बाई कामाला लागली ना," स्तासिया म्हणाली, "की मोर्ता तिला पहिल्या दिवशी भिंतीपाशी न्यायची. म्हणायची, यातली एक लादी आमची आहे, माझ्या अल्गिसनं करून ठेवलीये, फक्त चावी यायची आहे. आठ वर्षं."

मी म्हटलं, तिला माहीत होतं. त्या संध्याकाळीच तिला कळलं होतं.

"तिला कळलं होतं ते आम्हाला माहीत होतं," स्तासिया म्हणाली. "मला इंग्रजी येतं, अल्गिस. पहिल्यापासून येतं. तुझा साहेब काय बोलला ते मी त्याच रात्री सगळ्यांना सांगितलं. आणि आम्ही ठरवलं की आम्हाला कळलंय हे मोर्ताला कळू द्यायचं नाही. ती म्हणायची खोली येतेय, आम्ही म्हणायचो हो, येतेय. ती म्हणायची ही लादी दाबून बघा, आम्ही दाबायचो. पोरगा बेइमान निघाला हे तिला आमच्यासमोर मान्य करावं लागू नये, एवढ्यासाठी सहा बायकांनी आठ वर्षं दगड दाबला."

ती हे रागानं बोलली नाही. राग आला असता तर मला काहीतरी करता आलं असतं, माफी मागता आली असती. बाजूच्या टेबलापाशी एक रिकामी खुर्ची होती. काठी बगलेत धरून तिनं ती एका हातानं ओढत माझ्यापर्यंत आणली.

"उभा का आहेस?" ती म्हणाली. "दमला असशील. बस."

मला बसवलं नाही.